ती पोरं डॉलर वाटत फिरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रात एका काकांनी पांढरे शर्ट घालून जोडीनं फिरणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांवर लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की या पोरांना भरमसाट पगार असतो, खिशात डॉलरची पाकिटं असतात आणि माणसामागे कमिशन मिळतं. धर्मांतराबद्दल ज्याची जी मतं असतील ती असोत, माझीही आहेत, पण पगार आणि कमिशन हे जे काही लिहिलंय ते साफ चूक आहे, आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी तैवानमधे शिनचू नावाच्या शहरात चिप बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहे आणि आमच्या मजल्यावर समोरच्याच फ्लॅटमधे अशी दोन मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाची, पोरं राहतात. येता जाता, लिफ्टमधे, कचरा टाकायला जाताना रोजची भेट. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, जागा असेल तर छापा.

एक जण अमेरिकेतल्या आयडाहोचा, एकोणीस वर्षांचा, घरी बटाट्याची शेती. दुसरा टोंगाचा, म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या छोट्याशा बेटांच्या देशातला, जिथं लोकसंख्येच्या मानाने मॉर्मन जगात सगळ्यात जास्त आहेत. दोघांच्या खिशावर काळा बॅज, त्यावर चिनी अक्षरात आडनाव, ते पण इकडच्याच लोकांनी बहाल केलेलं. पाद्री वगैरे कुणी नाहीत हे. यांच्यात गावपातळीवर पगारी पाद्री नसतोच, रविवारी चर्च चालवणारे बिशप सोमवारी आपापल्या नोकरीवर हजर. मुलं साधारण 18 ते 25 या वयात दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्ष. 2012 पर्यंत मुलांना 19 आणि मुलींना 21 पूर्ण लागायचं, ती अट खाली आणल्यावर मुलींचा आकडा एकदम वाढला. आणि हो, त्या अनेक बायका करण्याच्या भानगडीबद्दल काकांनी टोमणा मारलाय, ते त्यांच्या चर्चने 1890 मधेच अधिकृतपणे बंद केलं, अजून करणारे जे फुटीर गट आहेत त्यांचा यांच्याशी संबंध नाही.

कुठल्या देशात जायचं ते पोरांच्या हातात नसतं. अर्ज भरायचा, अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला यांचं मुख्यालय आहे तिथून उत्तर येतं त्यात देश आणि भाषा लिहिलेली असते, घरचे सगळे, शेजारीपाजारी जमा होतात आणि सगळ्यांसमोर ते वाचायचं. आमच्या आयडाहोवाल्याला ब्राझील हवं होतं, मोठा भाऊ तिकडे जाऊन आलेला. निघालं तैवान. युटामधेच प्रोव्हो शहरात यांचं ट्रेनिंग सेंटर आहे तिथं नऊ आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत मँडरिन घोटून घेतलं आणि विमानात बसवलं. इथं उतरल्यावर पहिल्या दिवशी दुकानदार काय बोलतोय ते एक अक्षर कळलं नाही असं तोच हसत सांगतो. आता भाव करतो. चीनमधे यांना परवानगी नाही त्यामुळे मँडरिन शिकलेली बरीचशी पोरं तैवानच्याच वाट्याला येतात.

आता मुद्दा पैशाचा. पगार शून्य. उलट अमेरिकेतल्या घरांना पोरामागे महिना 500 डॉलर चर्चकडे भरावे लागतात, 2020 च्या जुलैपर्यंत ते 400 होते. दोन वर्षांचे झाले 12 हजार डॉलर, आपले दहा लाखांच्या वर. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जातात आणि त्यातून प्रत्येकाला जिथं नेमलाय तिथल्या खर्चाप्रमाणे भाडं आणि खायचे पैसे मिळतात, म्हणजे पोरगं लंडनला गेलं काय आणि मनिलाला गेलं काय, आईबापाला भुर्दंड सारखाच. टोंगासारख्या ठिकाणच्या घरांना एवढं झेपत नाही, त्यांना कमी भरून बाकी मदत मिळते. आयडाहोवाल्याने निम्मे पैसे स्वतः कमावले, बटाटा काढणीत. त्यांच्याकडे पूर्व आयडाहोत काढणीच्या वेळी शाळांना चक्क सुट्टी देतात, पोरं ट्रॅक्टर आणि ट्रक चालवतात नाहीतर पट्ट्यावर उभं राहून ढेकळं आणि दगड वेचतात. मी मूळ मंचरकडचा, आमच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो, त्यामुळे आमची गट्टी जमली ती याच विषयावर, देवधर्मावर नाही. भाव पडला की आमच्याकडे शेतकरी माल रस्त्यावर ओततो म्हटलं तर म्हणाला आमच्याकडे गायींना घालतात. बियाणं कुठून आणता, एकरी किती निघतं, कोल्ड स्टोरेजला किती जातं, एकदा तर लिफ्ट वर जाऊन खाली आली तरी आमचं चालूच, आणि टोंगावाला बिचारा सायकलचं हेल्मेट हातात धरून उभा, कारण याला सोडून तो एकटा पुढं जाऊ शकत नाही. त्याचं सांगतो पुढे.

पण पैशाच्या बाबतीत माझा या चर्चवर राग आहे तो आहेच. 2019 मधे त्यांच्याच गुंतवणूक कंपनीतल्या एका माणसाने बाहेर फोडलं की यांच्याकडे 100 अब्ज डॉलरच्या आसपास साठा आहे, आणि 2023 मधे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने नावापुरत्या काढलेल्या शेल कंपन्यांच्या आडून गुंतवणूक लपवली म्हणून चर्च आणि ती कंपनी मिळून 50 लाख डॉलर दंड लावला. एवढा पैसा असताना शेतकऱ्याच्या पोराकडून महिना 500 कशाला घेता, वर कमाईचा दहावा हिस्सा आयुष्यभर आहेच. मी हे त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला फुकट मिळालं असतं तर मी सकाळी उठलोच नसतो. मला काही पटलं नाही, पण उत्तर तयार होतं पोराकडे.

आणि उठणं म्हणजे साडेसहा. रोज. पावणेसातला भिंतीपलीकडून दोरीच्या उड्यांचा आवाज सुरू होतो, खालच्या मजल्यावरच्या आजींनी तक्रार केल्यापासून आता गच्चीत करतात. मग आंघोळ, दुधात कॉर्नफ्लेक्स, मग दोन तास अभ्यास, आधी आपापला मग दोघांनी मिळून, त्यात भाषेचाही. दहाच्या सुमारास सायकली काढून बाहेर, ते रात्री नऊ साडेनऊला परत. साडेदहाला लाईट बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, गर्लफ्रेंड नाही, फोन असतो पण त्यात काय चालतं काय नाही ते ठरलेलं. माझ्या घरी सुद्धा मी आणि माझा रूममेट दोघंही असू तर येतात, रूममेटची बायको एकटी असेल तर दारातूनच परत, नियमच आहे.

शिनचूला इथले लोक वाऱ्याचं शहर म्हणतात. थंडीच्या दिवसात ईशान्येकडून असा वारा सुटतो की पार्क केलेल्या स्कूटर आडव्या पडतात, आणि ही पोरं त्याच्या उलट सायकल मारत असतात, एका हाताने टाय धरून. त्यांचं अर्धं काम मी रस्त्यावरच बघितलंय आणि ते बघण्यासारखं आहे. इथल्या सिग्नलला सेकंदांचा काउंटडाऊन असतो. लाल लागला की शंभर स्कूटर येऊन उभ्या राहतात, ही दोघं त्यात सायकल घुसवतात आणि आकडा बघून ठरवतात, पन्नास सेकंद असले तर नमस्कार, तुम्ही या भागातलेच का, आम्ही फुकट इंग्रजी शिकवतो, हे कार्ड घ्या. पंधरा असले तर फक्त गुड मॉर्निंग. हिरवा लागला की समोरचा निम्म्या वाक्यात गेला. तैवानी माणूस अत्यंत सभ्य, तोंडावर हाकलणार नाही, कार्ड दोन्ही हातांनी घेईल, तुमची चिनी फार छान आहे म्हणेल, आमच्याकडे देवळात उदबत्ती लावतात हो म्हणेल आणि स्कूटर काढेल. टोंगावाला म्हणतो शिव्या दिल्या असत्या तर बरं, निदान कळलं असतं. दिवसभर हेच. रात्री घरी येऊन उद्या कुणाला भेटायचं, तो नाही भेटला तर कुणाकडे, तोही नाही तर कुठल्या रस्त्यावर उभं राहायचं हे सगळं फोनमधल्या अॅपमधे भरायचं, आठवड्याचे आकडे वर कळवायचे, किती नवे लोक भेटले, किती जण रविवारी चर्चला आले. कमिशन सोडा, शाबासकीसुद्धा अवघड.

आता जोडीचं. नियम असा की दोघांनी चोवीस तास एकमेकांच्या नजरेत किंवा हाकेच्या अंतरावर असायचं, बाथरूम सोडून. एकाला ताप आला तर दुसराही घरात. एकाला केस कापायचे तर दुसरा सलूनमधे बसून. आणि जोडीदार आपण निवडायचा नाही, यांच्या भागाचे जे मिशन प्रमुख असतात ते ठरवतात आणि दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते, कधी जोडी तशीच राहते कधी मोडते. म्हणजे अरेंज मॅरेजच, फक्त मुदतीचं आणि परत परत. माझ्या मते या दोन वर्षांतली सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे, वारा नाही, चिनी भाषा नाही आणि लोकांचे नकारही नाहीत. आयडाहोवाल्याचा आधीचा जोडीदार भांडी घासायचा नाही आणि झोपेत बडबडायचा. या दोघांचं सुरुवातीला अजिबात पटत नव्हतं, टोंगावाला पहाटेच मोठ्याने गाणी म्हणणार आणि हा सकाळी तासभर तोंडातून शब्द काढत नाही. दर आठवड्याला समोरासमोर बसून एकमेकांच्या खटकणाऱ्या गोष्टी सांगायची एक ठरलेली बैठक असते यांची. माझ्या ऑफिसात दहा वर्षं शेजारी बसणारे लोक हे करू शकणार नाहीत, मी पण नाही.

खाण्यापिण्याचं तर विचारूच नका. दारू तंबाखू नाही हे ठीक, पण चहा कॉफी पण नाही, आणि हे तैवानमधे, जिथं दर पन्नास पावलांवर चहाचं दुकान आणि बबल टी इथलाच. ग्रीन टी चालतो का, आइस टी चालतो का यावरून पोरापोरांत इतका वाद की 2019 मधे चर्चच्या तरुणांच्या मासिकात खुलासा छापावा लागला, नाही चालत. मग ही पोरं चहाच्या दुकानात जाऊन काळा गूळ घातलेलं दूध आणि त्यात ते साबुदाण्याचे गोळे घेतात, नाहीतर कोहळ्याचं गोड सरबत. इथं त्यालाही चहाच म्हणतात पण पत्ती नसते त्यामुळे चालतं. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी सवयीने आलं घालून चहा टाकला होता, दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि इतक्या संकोचाने नको म्हणाले की मलाच कसंतरी झालं. आता बटाट्याची भाजी आणि पोळ्या करतो. आयडाहोवाल्याने मोहरी आणि कढीपत्ता घातलेला बटाटा आयुष्यात खाल्ला नव्हता, आईला लिहून पाठवायला रेसिपी मागून घेतली.

आठवड्यातला सोमवार त्यांचा सुट्टीचा, म्हणजे सुट्टी कसली, कपडे धुणं, किराणा, फ्लॅट साफ करणं, आणि घरी फोन. बाल्कनीत एका रांगेत पांढरे शर्ट वाळत असतात आणि आतून जोरजोरात इंग्रजी आणि टोंगन दोन्ही ऐकू येतं. हा फोन पण फेब्रुवारी 2019 पासून. त्याआधी घरी वर्षातून फक्त दोनदा फोन, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला एक इमेल. टोंगावाल्याची मावशी तेव्हाच्या नियमात जाऊन आलेली, ती म्हणते तुम्ही मऊ झालात. माझी आई मंचरहून दिवसातून दोनदा व्हिडिओ कॉल करते आणि उचलला नाही तर रूममेटला करते, तिला हे सांगितलं तर म्हणाली त्या आया कशा राहत असतील गं बाई.

सगळं गोड गोड चाललंय असं मला अजिबात सांगायचं नाहीये. जायचं की नाही हे कागदावर ऐच्छिक आहे, मुलींना खरंच ऐच्छिक, पण मुलांना लहानपणापासून ते कर्तव्य म्हणून शिकवलेलं असतं. युटा आयडाहोत लग्नाच्या गोष्टी निघाल्या की तू कुठं सेवा केलीस हा प्रश्न हमखास, आणि जो गेला नाही किंवा मधेच परत आला त्याच्याकडे लोक कसं बघतात ते सांगायला नको. आयडाहोवाल्याच्या ट्रेनिंगच्या ग्रुपमधला एक जण चौथ्या महिन्यात परत गेला, झोप उडाली होती, छातीत धडधड, डॉक्टर करून झाले, शेवटी घरी पाठवलं. आता त्याला गावात राहूनच समाजकामाचं मिशन दिलंय, अशी सोय हल्ली आहे. पण त्याची आई चर्चमधे मागच्या बाकावर बसते आता असं हा म्हणाला. अठराव्या वर्षी कुणालाही दोन वर्षं असं पिळून काढावं का, माझं उत्तर नाही असं आहे. आमच्या इथल्या तैवानी कलिगचं उत्तर वेगळं आहे, त्यांच्या पोरांना सक्तीचं सैन्य असतं, ती म्हणते हे तरी बरं, भाषा येते.

भाषा येते हे मात्र खरं. जॉन हंट्समन नावाचे पुढारी याच तैवानात मिशनरी म्हणून येऊन मँडरिन शिकले आणि पुढे चीनमधे अमेरिकेचे राजदूत झाले. मॅनेजमेंटवाले ज्यांचं नाव घेतात ते हार्वर्डचे क्लेटन क्रिस्टेनसन कोरियात होते. अमेरिकेतले पुढारी मिट रोमनी 1966 ते 1968 फ्रान्समधे, वाईन न पिणारा माणूस वाईन पिणाऱ्यांच्या दारोदार, आणि यश फारच थोडं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

आणि काकांना ज्याची भीती आहे त्या धर्मांतराचा हिशोब. 2024 मधे यांचे 74 हजारांवर मिशनरी होते आणि जगभरात नवीन बाप्तिस्मे 3 लाख 8 हजारांच्या आसपास. म्हणजे माणशी वर्षाला चार, तेही सरासरी. तैवानमधे 1956 पासून यांची पोरं येतायत, देशाची लोकसंख्या 2 कोटी 30 लाखांच्या पुढे, आणि नोंदवहीवरचे सभासद साठ हजारांच्या आसपास, त्यातले दर रविवारी येणारे अर्थातच कमी. माझ्या नजरेसमोर या दोघांचे ठरलेले दोन जण बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरायच्या आदल्या आठवड्यात फोन उचलायचे बंद झाले. मला वाटतं सॉल्ट लेकमधे बसलेल्यांनाही हे चांगलं माहीत असणार. दोन वर्षं रोज जो धर्म दुसऱ्याला समजावून सांगायचा, नाही म्हणून घ्यायचं, आणि परत दुसऱ्या दिवशी तेच सांगायचं, तो धर्म सांगणाऱ्याच्या हाडात मुरतो. बाहेरचे किती आले हा भाग वेगळा, घरचं पोरगं आयुष्यभर हलत नाही. काकांनी त्यावर लिहिलं असतं तर मी पण सहमत झालो असतो.

आपल्याकडेही हे नवीन नाही बरं का. 1852 मधे ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि नंतर पुण्यात आला, छावणीच्या आसपासच्या गोऱ्या शिपायांतले थोडेफार लोक गोळा केले, लष्करी अधिकाऱ्यांनी त्रास दिला, आणि काही वर्षांत ते सगळं गुंडाळलं. पुण्यात कुणाला त्याची आठवण तरी आहे का. अलीकडे बेंगळुरूला त्यांनी मोठं मंदिर हाती घेतलंय, 2018 मधे जाहीर केलं आणि 2020 च्या डिसेंबरमधे भूमिपूजन झालं, तेव्हा त्यावर लिहायला तुमच्या पेपरला पुढं संधी आहेच, फक्त लिहिणाऱ्याला आधी एकदा त्यांच्यातल्या कुणाशी तरी बोलून यायला सांगा.

काकांनी शेवटी विचारलंय की असे लोक दारात आले तर सामान्य माणसाने काय करायचं. अगदी सोपं आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की आमचं घर माळकरी आहे, वडील वारी करतात, माझं काही जमणार नाही. दोघांनी मान डोलावली, वारीत जेवणाचं कोण बघतं एवढं टोंगावाल्याने विचारलं, आणि त्यानंतर विषय नाही. नको असेल तर गोलगोल न बोलता एकदाच सरळ नाही म्हणा, उद्या बघू, परत या असलं काही म्हणू नका, ते खरंच परत येतात, सायकलवर, पावसात. आणि पाणी विचारा.

कळावे,
आपला एक वाचक
मूळ मंचर, जि. पुणे, सध्या मुक्काम शिनचू, तैवान